होळीचं झाड

न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा अंगणात काय लावायचं ते आम्ही नाही, हरणांनी ठरवलं. होस्टा खाल्ल्या, ट्युलिपच्या कळ्या खाल्ल्या, गुलाब तर काट्यांसकट फस्त केले. शेवटी हॉली आणली. तिच्या पानांच्या कडांना अशी टोकं असतात की हरीण सहसा तोंड लावत नाही. शिवाय नोव्हेंबरात मेपल आणि ओक खराट्यासारखे उभे असताना ही आपली हिरवीगार, वर लालचुटूक फळं. निदान नर्सरीतल्या चित्रात तरी होती.

सहा वर्षं गेली. झाड माझ्या डोक्यावर गेलं, फळ एक नाही. हॉलीला आम्ल माती लागते म्हणून गंधकाची पूड घातली, पाइनच्या सुयांचं आच्छादन केलं, एकदा तर झाडाला रागावूनही पाहिलं. रस्त्यापलीकडच्या आजींच्या दोन हॉली मात्र डिसेंबरात फळांनी वाकायच्या. मला वाटायचं, ही बाई काहीतरी गुपचूप घालते.

मग एका मे महिन्यात आई आली. हॉली हा शब्द ऐकताक्षणी तिने त्याची होळी करून टाकली. कोकणात जन्म गेलेला. होळीला आंबा नाहीतर पोफळ वाजतगाजत आणून उभी करायची, एवढंच तिला ठाऊक. "हे काटेरी काय आणलंस गं होळीला?" म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन झाडाशी गेली, चश्मा नाकावर ओढून एक फूल चिमटीत धरलं. हॉलीची फुलं इवलीशी, मळकट पांढरी. मधमाश्या सोडल्या तर कुणाचं लक्षही जात नाही.

"अगं, हा नर आहे!"

तिच्या माहेरच्या वाडीत पोफळींच्या सावलीला जायफळाची झाडं होती. जायफळात नर वेगळा, मादी वेगळी. रोप लावायचं, पाच-सात वर्षं पाणी घालायचं आणि फूल आलं की कळणार, काय निघालं ते. नर जास्त निघाले तर त्यांच्यावर मादीचं कलम बांधायचं, पण सगळे नर काढायचे नाहीत, नाहीतर वाडी वांझ. हे सगळं तिने मला उभ्या उभ्या सांगितलं. मी मात्र सहा वर्षं मातीलाच दोष देत होते.

आम्ही दोघी रस्ता ओलांडून आजींच्या झाडापाशी गेलो. तिथल्या प्रत्येक फुलात मधोमध हिरवा मणी, तेच पुढे फळ. आमच्याकडे फुलं घोसाने, पण मणी नाही, नुसते परागाने पिवळे झालेले केसर. आजी म्हणाल्या, त्यांचा नर 2012 च्या सँडी वादळात पडला, मग फळं अगदी रोडावली आणि अलीकडेच परत धरायला लागली. आईने मला मराठीत विचारलं, "तुझ्या होळीला पहिलं फूल कधी आलं?" उत्तर तिला आधीच माहीत होतं.

नर्सरीवाल्याने विकताना हे सांगितलं नव्हतं, याचा राग मला अजून आहे. पण नावांवर विसंबूनही उपयोग नसतो. 'गोल्डन किंग' नावाची हॉली मादी आहे आणि तिला फळं येतात; 'गोल्डन क्वीन' आणि 'सिल्व्हर क्वीन' या दोन्ही राण्या नर! त्यामानाने लाँग आयलंडच्या कॅथलीन मेझर्व्ह शहाण्या. थंडीत टिकणाऱ्या संकरित हॉली त्यांनी केल्या आणि जोड्यांना 'ब्लू बॉय'-'ब्लू गर्ल', 'ब्लू प्रिन्स'-'ब्लू प्रिन्सेस' अशी सरळ नावं दिली.

मला मादी आणून लावा असं सगळे सांगतात. एका नरावर आसपासच्या कितीतरी माद्या फळतात, त्यामुळे आमच्या झाडाला काहीच जड नाही. पण नाताळात आजी टोपलीभर फांद्या आणून देतात आणि दारावरची ती लाल फळं पाहताना मला उगाच सासरच्या माणसांसारखं वाटतं. फक्त अनवाणी चालणाऱ्यांनी सावध राहावं. सदाहरित झाडाचीही जुनी पानं गळतातच, तीही ऐन वसंतात, आणि वाळल्यावर टोकं जास्तच बोचतात.

फेब्रुवारीच्या सुमारास, थंडीने फळं मऊ झाली की रॉबिनचे थवे आजींच्या झाडावर उतरतात आणि दोन दिवसांत ते साफ करून आमच्या कुंपणावर येऊन बसतात. त्याचा परिणाम म्हणजे कुंपणाखाली एक रोप उगवलंय. हॉलीचं बी रुजायलाच दोन-तीन वर्षं घेतं, म्हणजे हे कोणत्या हिवाळ्यातलं कोण जाणे.

आता दर मे महिन्यात आईचा व्हिडिओ कॉल येतो. "काय निघालं?"

"आई, गुडघ्याएवढं आहे गं अजून."

"बरं, फोन जरा जवळ धर. नीट बघू दे."