शाई माझी, हुकूम त्यांचा

बाबांच्या पेन्शनचा फॉर्म छापायचा होता, दोनच पानं. प्रिंटर म्हणतो, 'कार्ट्रिज ओळखता येत नाही.' अरे, कालपर्यंत हेच रिफिल केलेलं कार्ट्रिज मुकाट चालत होतं! रात्री प्रिंटरसाहेबांनी मला न विचारता अपडेट घेतलं. आता नखाएवढी चिप ठरवणार शाई 'अस्सल' की नाही. हलवून पाहिलं, आत डुचमळतेय चांगली.

२००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली ई-पुस्तकं लोकांच्या किंडलवरून, म्हणजे ई-पुस्तक वाचायच्या यंत्रावरून, परस्पर पुसली, त्यात ऑर्वेलची हुकूमशाहीवरची कादंबरी '१९८४'ही होती. (पैसे परत दिले, पण पुस्तक गेलंच ना!) तेव्हा मी हसलो होतो.

शेवटी कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला. दोन पानं, दहा रुपये. त्याच्या जुनाट प्रिंटरला वायफायच नाही. "म्हणून तर चालतोय," म्हणाला.

घरी येऊन आधी आमच्या प्रिंटरचं वायफाय बंद केलं. उशिराच.