ॲबिंग्डनची हिरवी एमजी

इंग्लंडातल्या ॲबिंग्डनला रेल्वे जात नाही. पूर्वी जायची, पण प्रवासी गाड्या १९६३ साली बंद झाल्या. त्यामुळे रेडिंगहून निघून ऑक्सफर्डला उतरायचं आणि पुढे बस. ज्या गावातून पाच लाखांवर एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीच्या छोट्या स्पोर्ट्सकार, बाहेर पडल्या, तिथे स्वतःची गाडी नसेल तर असे हाल. आमची गाडी शनिवारी बायकोकडे असते.

एक जुनी एमजीबी विकायला होती. "नुसती बघून येतो," असं घरी सांगितलं होतं. खिशात फ्रिजवरचं एक मॅग्नेट होतं, जुन्या मोज्यात गुंडाळलेलं.

विकणाऱ्या आजोबांनी तीनची वेळ दिली होती, म्हणून आधी गाव पाहिलं. बाजारचौकातल्या काउंटी हॉलमध्ये संग्रहालय आहे आणि त्यात चक्क एक एमजीबी उभी आहे. याच इमारतीच्या गच्चीवरून राजघराण्यातल्या शुभप्रसंगी खाली लोकांवर बनपाव फेकतात, आणि ते जुने वाळके बनही जपून ठेवलेत. एमजीचा कारखाना इथे १९२९ पासून ऑक्टोबर १९८० पर्यंत होता. एमजी कार क्लबची कचेरी आजही गावात आहे, आणि तिचा पत्ता सिमेटरी रोड, म्हणजे दफनभूमीचा रस्ता! जुनी गाडी घेणाऱ्याला याहून स्पष्ट इशारा कोण देणार?

पुण्याला बहिणीला फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर, "आमच्याकडेही एमजीच आहे की!" तिची हेक्टर. ब्रँडची मालकी चिनी, कारखाना गुजरातेत हालोलला, पण नाकावर एमजीचा तोच अष्टकोनी बिल्ला.

आजोबांच्या गावापर्यंत, सटन कोर्टनीपर्यंत, थेम्सच्या काठाने चालत गेलो. तासभर लागला, बूट चिखलाने भरले. आजोबा फाटकातच उभे होते. आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

गाडी १९६६ची. गडद हिरवी, काळ्या सीट, क्रोमचे बंपर, तारांची चाकं. कापडी टप मागे दुमडून ठेवलेला. मागितलेली किंमत साडेपंधरा हजार पौंड. रंग असा की त्यात माझा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावरचा मोह आजोबांनाही दिसत असणार.

पण नव्या रंगावर जायचं नसतं. एमजीबीला वेगळी चासी नाही. सगळा भार बॉडीवरच, त्यातही दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर. त्यांना इथे सिल म्हणतात. उघड्या गाडीला वरून छताचा आधार नसल्यामुळे सिल गंजले की गाडी मधोमध खचते. काही जण गंजलेल्या सिलवरच नवा पत्रा वेल्ड करून रंग मारतात आणि 'रिस्टोअर्ड' म्हणून जाहिरात देतात. ते ओळखायचं दारावरून. दार आणि मागचा पत्रा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. मी उकिडवा बसून ती बोटाने चाचपली. सारखी होती. मग मोज्यासकट मॅग्नेट काढलं. पत्रा असेल तिथे ते ओढ घेतं, खाली पुट्टी थापलेली असेल तिथे घसरतं. मोजा रंगावर ओरखडा पडू नये म्हणून.

डाव्या मागच्या चाकावरच्या पत्र्यावर ते घसरलं.

"तिथे मीच भरलंय," आजोबा मी विचारायच्या आत म्हणाले आणि आतून एक जाडजूड फाईल घेऊन आले. त्या कोपऱ्याचेच चार फोटो. गंजाचं भोक, कापलेला पत्रा, नवा तुकडा, त्यावर पुट्टीचा पातळ हात. सिल कापले तेव्हा गाडी वाकू नये म्हणून आत लोखंडी दांडे टाकलेत, तेही फोटोत होतं. मला विचाराल तर विकायची वस्तू ही फाईल होती, गाडी तिच्याबरोबर येणार होती.

एका दिवसाचा विमा मी आधीच काढला होता. चावी फिरवली तशी मागून टक्-टक्-टक् सुरू झाली. पेट्रोलचा पंप. टकटक मंदावली की कार्ब्युरेटर भरले म्हणायचं. चोक ओढला, सेल्फ मारला, आणि अठराशे सीसीचं इंजिन एकदा खोकून जागं झालं. १९६६च्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर अलगद पडू देणारी सोय, नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायला गेलात तर ती करकरून सगळ्या गावाला कळवते. मी दोनदा कळवलं. आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर कसलं, वरही बाहेरच होतं.

क्लिफ्टन हॅम्पडनचा पूल लाल विटांचा, १८६७चा, इतका अरुंद की एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात. सिग्नलला थांबलो. शेजारचा कठडा खांद्याला लागेल इतका जवळ. वर ढग, खाली थेम्स, गुडघ्यांना हीटरची ऊब आणि मान मात्र गारठलेली. हिरवा पडला. पुलावर इंजिनाचा आवाज दोन्ही कठड्यांवर आपटून परत आला, आणि समोर कुत्रा घेऊन थांबलेल्या बाईंनी ओळख नसताना हात केला. पुढे मोकळ्या रस्त्यावर आजोबांनी डॅशबोर्डवरची एक बारीक कळ खाली केली. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन हळू फिरू देणारा जास्तीचा गिअर. आवाज एकदम खाली आला, वेग तसाच.

परतल्यावर चहा झाला. मी तेरा हजार म्हटलं. त्यांनी "बिस्कीट घ्या" म्हटलं. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही, एमओटी या वार्षिक तपासणीची सक्तीही नाही, हे त्यांनी दोनदा ऐकवलं. किंमत एकदाही काढली नाही.

रात्री घरी पोचलो तर बायको फ्रिजपुढे उभी. किराण्याची यादी खाली पडलेली. "रायगडाचं मॅग्नेट कुठे गेलं रे? आणि हा पेट्रोलचा वास कसला?"

मॅग्नेट आजोबांच्या गॅरेजात, फाईलवर राहिलं होतं.

"पुढच्या शनिवारी जाऊन आणतो," म्हटलं.