पान नंबर ४७

नायिका दाराची कडी काढते आणि वळून म्हणते, "मी आता ४७ कधीच परत येणार नाही."

मी थबकले. ४७ काय? वर्षं? वेळा? मग ट्यूब पेटली. हा पानाचा आकडा! छापील पानाच्या तळाशी निमूट बसलेला असायचा. पीडीएफचं ईपब, म्हणजे फोनवर वाचायचं ई-पुस्तक, करताना तोही मजकुराबरोबर उचलला गेला आणि ऐन भांडणात येऊन उभा राहिला.

पीडीएफवर चिडून उपयोग नाही. त्याला बहुतेक वेळा परिच्छेद ठाऊकच नसतो. हे अक्षर डावीकडून इतक्यावर, खालून इतक्यावर, एवढीच त्याची समज. वाक्य कुठे संपलं, संवाद कुणाचा, हे आपण डोळ्यांनी लावतो आणि रूपांतर करणारा प्रोग्राम अंदाजाने. अंदाज चुकला की छापील ओळ संपली तिथेच वाक्यही तुटतं. फोनवर मग दीड ओळ, कोरी जागा, दीड ओळ, कोरी जागा अशी लंगडी चाल.

मराठीत त्यावर आणखी वरकडी. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, साठवली जाते अक्षरानंतर. जुन्या फॉन्टांत ती दिसते तशी, आधीच, टाइप व्हायची. त्यामुळे 'किती'चं होतं 'िकती', आणि वेलांटी बिचारी ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला धरून लोंबकळत राहते. असं एक पान वाचलं की कथेतलं दुःख दुय्यम वाटू लागतं.

ईपब म्हणजे आतून साधी झिप फाइल, प्रकरणं म्हणजे वेबपानं, हे कळलं त्या दिवसापासून मी वाचक म्हणून बिघडले. कॅलिबर या ई-पुस्तकांच्या प्रोग्रामचा एडिटर उघडायचा आणि रेजेक्स, म्हणजे 'असं दिसलं की तसं बदल' सांगणारा नमुना, लिहायचा: शेवटी पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा अवतरणचिन्ह नसेल तर ती ओळ पुढच्या ओळीला जोड. एका फटक्यात शेकडो ओळी सरळ! त्या आनंदात तीन प्रकरणं पुढे गेले, तर नायकाची आठ ओळींची कविता एका परिच्छेदात कोंबलेली. कवितेच्या ओळींना कुठले पूर्णविराम?

तरी शहाणपण आलं नाही. ओळीच्या टोकाला तुटलेले शब्द सांधायचे म्हणून सरसकट सगळ्या आडव्या रेघा उडवल्या. 'आई-वडील' 'आईवडील' झाले, काही बिघडलं नाही. पण अंगणात १०-१२ माणसं जमली होती, ती १०१२ झाली. 'सगळे बदला' हे बटण दाबण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी. मी ठेवली नव्हती.

तीन संध्याकाळी गेल्या. वेलांट्या जागेवर आल्या, कविता पुन्हा आठ ओळींत उभी राहिली, अंगणातली गर्दी पांगली. नायिका घर सोडून का गेली, ते अजून वाचायचं आहे. कुठून गेली ते मात्र पक्कं माहीत आहे: सत्तेचाळिसाव्या पानाच्या तळातून.