कॅमेरा कुठं आहे ते आधी का सांगतो

तुम्ही विचारलंत म्हणून. ‘गेम कसला, एका शब्दात सांगा की! कॅमेरा कुठं असतो ते कशाला?’ माझ्या व्हिडिओ गेमच्या दुकानात, काउंटरवर हे रोज ऐकतो. कॅमेरा म्हणजे गेममध्ये आपण जिथून बघतो ती जागा. पूर्वी मीही एका शब्दातच सांगायचो: शूटिंगचा, रेसिंगचा, कोड्यांचा.

अशोक चौकाकडचे एक काका मुलासाठी आले. ‘मारामारी नको, डोकं चालवायचा द्या.’ मी २००७ चा ‘पोर्टल’ दिला, ‘कोड्यांचा’ म्हणून. खोटं काहीच नव्हतं. पण तो फर्स्ट पर्सन, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून बघायचं. जमिनीतल्या भोकात उडी मारायची, भिंतीतून बाहेर फेकलं जायचं, आणि त्या क्षणी सगळी खोली गर्रकन फिरते. पोराला अर्ध्या तासात उलटी झाली. डोळे म्हणतात पडतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो खुर्चीत बसलोय; त्यातनं पोट ढवळतं. काका एवढंच म्हणाले, ‘आधी बोलायचं नाही का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असा त्रास होणाऱ्यांनी सेटिंगमध्ये मोशन ब्लर (हलताना चित्र धूसर होणं) आणि हेड बॉब (चालताना नजर वरखाली डुलणं) बंद करावं, फिल्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी किती रुंद दिसतं तो कोन, ६० अंश असेल तर ९० च्या आसपास न्यावा, खोलीतला दिवा चालू ठेवून पडद्यापासून मागं सरकावं. तरी मळमळलं तर थांबावं. सवय होईल म्हणून रेटू नये.

सोलापूरच्या गड्डा जत्रेत मौत का कुआ कठड्याला रेलून बघणं वेगळं आणि आत मोटरसायकलवर असणं वेगळं. ‘रेसिडेंट इव्हिल’ ही गेमची मालिका बघा. १९९६ साली कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात खिळलेला, २००५ च्या चौथ्या भागात खांद्यामागं, २०१७ च्या सातव्यात थेट डोळ्यांत. तिन्ही ‘हॉरर’च. आता त्या एका शब्दातनं काय कळलं?

पबजीतही तेच. टीपीपीत, म्हणजे कॅमेरा पात्राच्या पाठीमागं असताना, भिंतीआड उभं राहून कॅमेरा वळवला की पलीकडचा रस्ता दिसतो, तुम्ही मात्र कुणाला दिसत नाही. एफपीपीत, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून खेळताना, बघायला डोकं बाहेर काढावंच लागतं. मॅप तोच, बंदुका त्याच, पण दबा धरून बसणाऱ्याचा फायदा गेला.

म्हणून आधी नजर, मग प्रकार. माझंच जुनं मन मात्र अजून भांडतं: मग ‘माइनक्राफ्ट’चं काय? सुरुवातीला डोळ्यांतून, कॉम्प्युटरवर एफ५ दाबलं की पाठीमागून, पुन्हा दाबलं की समोरून, आणखी एकदा दाबलं की परत डोळ्यांतून. त्याला मी अजून ‘बांधायचा गेम’च म्हणतो.