परात, पुस्तक आणि आमचे वार्षिक संमेलन

आमच्या बालवाचन मंडळाचे वार्षिक संमेलन दर वर्षी २ एप्रिलच्या जवळच्या रविवारी भरते. डॅनिश परीकथालेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन यांचा जन्म १८०५ साली याच तारखेला झाला आणि १९६७ पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून साजरा होतो, हे प्रास्ताविकात दर वेळी सांगितले जाते. त्यानंतरचे स्वागत, अहवालवाचन आणि जमाखर्च रीतसर पार पडतात. माझ्या लेखी संमेलनाला खरा आरंभ होतो तो सभागृहाच्या मध्यभागी मोठी परात मांडली जाते तेव्हा.

साबणाने निदान २० सेकंद हात धुतल्याशिवाय परातीजवळ कोणी फिरकायचे नाही, हा स्वयंपाक पाहणाऱ्या मावशींचा दंडक आहे. एक मूल पावाची पाककृती मोठ्याने वाचते आणि बाकीची पीठ, मीठ, यीस्ट व कोमट पाणी घालतात. मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि लहान ५ मिलिलिटरचा, हे ज्यांना अजून वाचता येत नाही त्या मुलांनाही तीन लहान चमचे मोठ्यात रिते करताना आपोआप उमगते. सुरुवातीला बोटांना चिकटणारा तो गोळा मळता मळता गुळगुळीत होतो आणि ताणला तरी चटकन तुटत नाही, कारण पिठातल्या ग्लुटेन या चिवट प्रथिनाचे जाळे तोवर तयार झालेले असते. यीस्टमुळे निर्माण होणारा वायू पुढे याच जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. त्याला साधारण तासभर लागतो. ओले फडके झाकून पीठ बाजूला ठेवले की त्या तासात कुटुंबांची वाचने होतात, आणि दर थोड्या वेळाने कोणीतरी चिमुरडे फडके उचलून पिठात बोट खुपसून पाहते. खळगा सावकाश भरून आला म्हणजे पीठ तयार झाले, हे आता त्या सर्वांना ठाऊक आहे.

घरी ओट्याशी स्वयंपाक चालू असताना जे पुस्तक वाचले जाते, तेच प्रत्येक कुटुंबाने येथे वाचायचे, एवढाच नियम आहे. चित्रपुस्तके बहुधा ३२ पृष्ठांची, म्हणजे १६ पृष्ठांच्या दोन फर्म्यांची (एकत्र छापून घडी घातलेल्या कागदांची) असतात, त्यामुळे एका कुटुंबाचे वाचन फार लांबत नाही. वक्तृत्वस्पर्धेत बक्षिसे मिळवणारी मुले सुरेख वाचतात, त्यांचे मला कौतुकच आहे. पण माझे डोळे भरून येतात ते निराळ्याच वाचनांनी. रात्रपाळीत गाडी चालवणारे एक वडील ओळीखाली बोट धरून वाचत होते. त्यांच्या मुलीला ती गोष्ट तोंडपाठ होती, तरी एका जोडाक्षरापाशी ते अडले तेव्हा तिने शब्द सांगितला नाही. पान हातात धरून ती नुसती थांबली, आणि शब्द त्यांनीच पुरा केला. घरी ते भाजी चिरतात आणि ती स्टुलावर बसून वाचते, हे त्यांनी नंतर संकोचत सांगितले. दुसऱ्या एका घरच्या आजी शाळेत गेलेल्या नाहीत. त्या चित्रे पाहून गोष्ट सांगतात आणि नातू मजकूर वाचतो. मजकुरातले अस्वल पोटभर जेवून झोपले होते, तर आजींच्या मते ते उपाशी होते, कारण चित्रातले भांडे पालथे होते. नातवाने पान पुन्हा नीट पाहिले आणि आजींचे म्हणणे मान्य केले. असे काही ऐकले की मंडळाची पुस्तकपेटी घरोघर फिरवण्याचे सार्थक झाले असे मला अभिमानाने वाटते.

उपस्थितीविषयी मात्र मनात सल आहे. काही कुटुंबे पाव भाजून होण्याच्या सुमारास येतात, तर काही आपल्या मुलाचे वाचन आटोपताच निघतात. बुजरी मुले आपली पाळी मागे मागे ढकलत राहतात आणि नेमकी त्यांनाच रिकाम्या खुर्च्यांपुढे वाचावे लागते. स्पर्धेच्या दिवशी पुढच्या रांगेत बसणाऱ्या ज्येष्ठ सभासदांनी तरी असे करू नये.

छापील अहवालात पदाधिकाऱ्यांचीच नावे येतात, म्हणून इतरांची आठवण येथे मुद्दाम करतो. पीठ चाळणाऱ्या दोन्ही काकू, ओव्हनजवळ मुलांना फिरकू न देणारे मामा, घरून परात आणि ओली फडकी आणणाऱ्या मावशी, फाटक्या पुस्तकांना नवी कव्हरे घालणारे आजोबा, पेटीची नोंदवही अद्ययावत ठेवणाऱ्या ताई, हळू आवाजाच्या मुलांसाठी ध्वनिक्षेपक खाली करून देणारे दादा, तान्ह्या मुलांना शेजारच्या खोलीत सांभाळणाऱ्या आज्या, भांडी घासणारे सगळे बाबालोक, आदल्या रात्री सभागृह झाडून ठेवणारे काका, आणि शेवटपर्यंत थांबून खुर्च्या रचणारी मोठी मुले यांच्यावाचून संमेलन होणे शक्य नाही. खुर्च्या रचणाऱ्यांपैकी दोघे पुढच्या वर्षी प्रथमच आपापल्या धाकट्या भावंडांसह वाचणार आहेत. त्यांचे वाचन संपेपर्यंत सर्व सभासदांनी जागेवर थांबावे, ही आग्रहाची विनंती.