गाळा नंबर ३३८९

सांगलीत छोट्या ऑफिसांचं कॉम्प्युटर-नेटवर्कचं काम बघतो मी. मार्च एंडिंगच्या गडबडीत मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका व्यापारी काकांचा सकाळी सकाळी फोन, टॅली राहिलं बाजूला, विंडोजच आत घेईना. "ताईंनी पासवर्ड बदललाय बघ, परवा पगारावरनं जरा बोलणं झालंय."

गेलो तर अकाउंटच्या ताई रडकुंडीला आलेल्या. पासवर्ड बरोबर टाकतायत पण स्क्रीनवर येतंय अकाउंट लॉक झालंय म्हणून. पासवर्ड चुकणं वेगळं आणि लॉक होणं वेगळं, पण त्या घाईत तो मेसेज वाचतो कोण. पाच वेळा चुकलं की अर्धा तास लॉक, हे सेटिंग माझंच. मग चुकवतंय कोण? रात्रभर तर शटर बंद.

अ‍ॅडमिनच्या अकाउंटनं आत जाऊन इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला, सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ चा फिल्टर लावला, म्हणजे फेल गेलेले लॉगिन, आणि स्क्रोल करतोय करतोय तर संपेचना. दर काही सेकंदाला एक. अ‍ॅडमिन, टेस्ट, युजर, अकाउंट्स... आणि आमच्या युजरचं नाव नेमकं अकाउंट्सच! आयपी, म्हणजे कुठून आले ते इंटरनेटवरचे पत्ते, सगळे बाहेरचे. तिथंच माझ्या पोटात गोळा आला, कारण राउटरमध्ये काय दिसणार ते मला माहीत होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ताईंना घरून टॅली करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायचा, ३३८९ पोर्ट मीच फॉरवर्ड केलेला, म्हणजे राउटरमध्ये बाहेरून आत यायला उघडा ठेवलेला, नंतर नीट करू म्हणून. ते नंतर काही आलंच नाही.

काकांना म्हटलं, तुमचा स्टॅटिक आयपी म्हणजे यार्डाचा पत्ता आणि पोर्ट म्हणजे गाळे, ६५,५३५ पर्यंत नंबर. वेबसाइटचा गाळा ४४३, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९, जगभर ठरलेले. चोर माणूस नसतोच, प्रोग्रॅम असतो, तो रात्रंदिवस सगळ्या यार्डांतनं फिरून शटर हलवून बघतो.

"मग नंबर बदल की."

बदलला असता तरी उपयोग नव्हता, तो सगळेच गाळे हलवून बघतो, फार तर चार दिवस उशिरा सापडलं असतं.

"मग सगळेच बंद कर!"

हे ऐकून ताई दचकल्या, जीएसटी कसं भरायचं म्हणे. तसं नसतं. आपण आतून बाहेर जातो त्याला आपलं शटर उघडं लागत नाही, ४४३ तिकडच्या सर्व्हरचा असतो, आपल्याकडे फक्त उत्तर येतं.

आधी ४६२४ बघितले, म्हणजे यशस्वी लॉगिन, बाहेरच्या आयपीवरून एकही नव्हता, तेव्हा कुठं श्वास सोडला. त्या लॉकनंच वाचवलं, ज्याच्यावरून ताईंना बोलणी बसली. फॉरवर्डिंग काढलं, वायरगार्डचा व्हीपीएन टाकला, म्हणजे फक्त आपल्याच माणसांना आत घेणारा खाजगी रस्ता, मोबाईल डेटावरून म्हणजे बाहेरून ३३८९ तपासला, बंद. पासवर्डही बदलले, आधीचा फर्मचं नाव आणि १२३ असा होता, त्यावर जास्त बोलत नाही.

पोर्ट मीच उघडा ठेवलेला हे काकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, ताईंसाठी चहा मागवला. बिल मी केलं नाही.

रात्री घरी २०२० ची डायरी काढून बसलो. असे अजून चार राउटर निघाले.