व्हेअरफोर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहायला बसले आणि एक शब्दच समोर आला.

नववीत आम्ही स्नेहसंमेलनासाठी शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधला सज्जातला प्रवेश बसवत होतो. मी ज्युलिएट. ‘व्हेअरफोर आर्ट दाउ रोमिओ?’ हे वाक्य आलं की मी कपाळावर आडवा हात धरून अंधारात रोमिओला शोधायची. व्हेअर म्हणजे कुठे, एवढं पाठ होतं. तिसऱ्या तालमीला इंग्रजीच्या बाईंनी थांबवलं. “अगं, तो कुठे आहे हे ती विचारतच नाहीये. तू रोमिओच का, असं म्हणतेय.”

त्यांनी पुढची ओळ वाचायला लावली. बापाला नाकार, नाव टाकून दे, असं ती त्याला म्हणते. तो माँटेग्यू, ती कॅप्युलेट. दोन्ही घराण्यांचं हाडवैर. तो खाली बागेत उभा राहून ऐकतोय, याचा तिला पत्ताही नाही. तिचं भांडण त्याच्या नावाशी आहे. “म्हणून जोर शेवटच्या ‘रोमिओ’वर दे,” बाई म्हणाल्या.

मग फळ्याकडे वळल्या. व्हेअर, देअर, हिअर : कुठे, तिथे, इथे. व्हेन्स, देन्स, हेन्स : कुठून, तिथून, इथून. व्हिदर, दिदर, हिदर : कुणीकडे, तिकडे, इकडे. त्याखाली व्हेअरफोर आणि देअरफोर. ‘फोर’ म्हणजे साठी; म्हणून व्हेअरफोर कशासाठी, देअरफोर त्यासाठी. संस्कृत घेतलेल्या मुलींना त्या म्हणाल्या, “किमर्थ आणि तदर्थ.” यातला देअरफोर अजून रोजच्या वापरात आहे. व्हेअरफोर मात्र ‘व्हाइज अँड व्हेअरफोर्स’ अशा जोडशब्दात तेवढा उरलाय. इतकं सुंदर व्याकरण मला त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं.

संमेलनात मी कठडा धरून उभी राहिले, कुणाला शोधलं नाही.

पुढे कॉलेजात 1611 चं किंग जेम्स बायबल चाळताना हाच शब्द प्रश्नचिन्हाशिवाय भेटला, ‘म्हणून’ या अर्थाने. आधी गोंधळले. मग वहीतला बाईंचा तक्ता काढला आणि लक्षात आलं : आपण विचारताना ‘क’ घेतो, जोडताना ‘ज’, कशासाठी वेगळं, ज्यासाठी वेगळं. इंग्रजीला दोन्हीकडे तेच ‘व्हेअर’. तक्त्याखाली मी ‘ज’ची एक ओळ वाढवली : जिथे, जिथून, जिकडे, ज्यासाठी.